बालरक्षक म्हणजे कोण? ऊसतोडीच्या हंगामात पोरांची शाळा कशी टिकवायची

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे नवरा-बायकोचा मिळून एक कोयता जावाच लागतो. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवरचा मुक्काम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सोबत गेलेल्या पोराचं शाळेचं निम्मं वर्ष फडातच जातं.

अशा मुलांसाठी शिक्षण विभागाने बालरक्षक ही कल्पना आणली. बालरक्षक म्हणजे बहुतेक वेळा गावच्या शाळेतलाच, हे काम आपणहून घेतलेला शिक्षक. कोणतं मूल गळायच्या वाटेवर आहे ते ओळखायचं, घरी जाऊन बोलायचं आणि गेलेल्याला परत आणायचं.

नियमाने महिनाभर सलग गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात. पण महिना मोजत बसलं तर टोळी कारखान्यावर पोचलेली असते. खुणा आधीच दिसतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला पोरगी घरी राहायला लागते. बाजाराच्या दिवशी दांडी ठरलेली. सातवी-आठवीतली मुलगी अचानक गप्प झाली, तर घरात लग्नाची बोलणी चालू आहेत का, हे बघावं. जोडी झाली की कोयता वाढतो, हा हिशोब गावात सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करता येतो, तो मोफत आहे.

मूल आजी-आजोबांजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय होऊ शकते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने मुलांची यादी आणि मागणी गाड्या निघायच्या आधीच पुढे पाठवायला हवी. इथेच बऱ्याच गावांची गाडी अडते. म्हातारीच्या भरवशावर मुलगी ठेवायला आई-बाप धजत नाहीत, ही भीती खोटी नाही. बालरक्षकाने यादी करायच्या आधी त्यावर बोलावं.

मूल सोबत जाणारच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. त्यावर मुलाची इयत्ता आणि अभ्यास कुठवर झालाय ते असतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. दाखला नाही म्हणून कारखान्याजवळची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित काळ म्हणजे पाडव्यानंतरचा. मूल परत येतं, पण वर्ग पुढे गेलेला असतो. वाचता येत नाही हे चारचौघांत उघडं पडलं की ते दुसऱ्या दिवशी येतच नाही. बालरक्षकाची खरी गरज इथे असते. रोज अर्धा तास वेगळं बसवायचं, वाचायला सोपं पुस्तक द्यायचं, आणि चुकलं तर हसायचं नाही. गल्लीतली कॉलेजला जाणारी ताईसुद्धा हे करू शकते.

वय 14 च्या पुढे गेलं आणि आठवीही पूर्ण झाली की या कायद्याचा आधार संपतो. तरी शाळा सुटलेल्याला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो कोपीत पावसापाण्यात नेऊ नये, घरीच ठेवावा.

निघायच्या आधी कारखान्याचं नाव, मुकादमाचा आणि बापाचा मोबाइल नंबर शाळेत लिहून द्यावा. बालरक्षकाला पोराशी फोनवर बोलायचं तर तेवढं पुरतं.