अर्धा इंच

माझा भाचा नाशिकला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने डोंगरात चालवायची इलेक्ट्रिक सायकल घेतली आणि रविवारी रामशेजच्या पायथ्याने कच्च्या रस्त्यांनी फिरून ओझरला यायला लागला. यंदा पावसाळा संपता संपता आला तो सायकल हातात धरून, चालत. "मामू, चढावर चेन उड्या मारते."

आम्ही सायकल घेऊन उस्तादांकडे गेलो. उस्ताद सत्तरीच्या पुढे आहेत. दुकान त्यांच्या वडिलांचं. मी शाळकरी होतो तेव्हा एचएएलची शिफ्ट सुटली की त्यांच्याकडे हवा मारायला सायकलींची रांग लागायची. त्यांनी मोटरकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "मास्तर, पट्टी आहे का पिशवीत?"

शाळेची बारा इंची पट्टी होती. त्यांनी चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरला. नव्या चेनची त्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. इथे ती बाराच्या पुढे सरकली होती. "अर्धं सूत गेलं तर चेन बदलायची. इथे पूर्ण सूत गेलंय. म्हणजे मागची चक्रंही खाल्ली." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाचा ज्यासाठी ऑनलाइन मापक मागवणार होता, ते काम पाचवीच्या भूमितीच्या पट्टीने झालं.

चेन इतक्या लवकर का झिजली? त्याच्या सायकलची मोटर पायडलच्या मध्यभागी आहे. तिचा जोर पायाच्या जोरात मिसळतो आणि दोन्ही मिळून चेनवर येतात. मोटरवर ८५ न्यूटन-मीटर लिहिलंय. उभं राहून पायडल दाबणारा तगडा माणूस क्षणभर त्याहून जास्त जोर लावतो, पण माणूस दमतो. मोटर दमत नाही, आणि ऐन चढावर गिअर बदलताना तीच चेनला पातळ दातांवर फरफटत नेते. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती चाकाला थेट फिरवते, चेनवर फक्त पायाचा भार. ही कल्पनाही जुनीच: ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकनाने १८९५ साली हबमधल्या मोटरचं पेटंट घेतलं होतं.

उस्ताद चेन तोडत होते तेवढ्यात भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामू, हे बघा. सायकलची चेन आपल्या अल-जझरीने शोधली." असे फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर जुम्म्याला हमखास येतात.

मला अल-जझरी प्रिय आहे. दियारबकरच्या अर्तुकी सुलतानांच्या पदरी असलेल्या या कारागिराने १२०६ मध्ये पुस्तक पुरं केलं. त्यात पन्नास यंत्रं आहेत, पाणी वर चढवणारी आहेत, क्रँक आहे. पण सायकल नाही. एका चाकाची ताकद दुसऱ्याकडे नेणारी अखंड साखळी त्याच्या शंभरेक वर्षं आधी चीनमध्ये सु सोंगच्या घड्याळाच्या मनोऱ्यात फिरत होती. आणि अल-जझरीने स्वतः काय केलं? घड्याळाची कल्पना आर्किमिडीजच्या नावाने चालणाऱ्या कामावरून घेतली हे सांगितलं, कारंज्यांसाठी बगदादच्या बनू मूसा भावांचं नाव घेतलं. ज्याने दुसऱ्यांचं श्रेय लपवलं नाही त्याच्या नावावर आपण दुसऱ्यांचं श्रेय चढवायचं, हे त्याला आवडलं नसतं. (असा हट्ट फक्त आपलाच नाही. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत सायकलचं चित्र सापडल्याचं १९७४ मध्ये गाजलं. ते मागाहून कुणीतरी काढलेलं असावं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात.)

खरी वंशावळ मिसळलेली आहे, आणि मला ती जास्त आवडते. कार्ल द्राइसने १८१७ मध्ये जर्मनीत पायाने ढकलायची दुचाकी केली, तिला पायडलही नव्हतं. आजच्या रोलर चेनचं पेटंट १८८० मध्ये मँचेस्टरला हान्स रेनॉल्डने घेतलं, तो स्विस. पाच वर्षांनी जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' आली, जवळजवळ सारख्या उंचीची चाकं आणि मागच्या चाकाला चेन. सुरुवातीला इंचभर अंतराच्या चेनही चालत, पुढे अर्धा इंच रूढ झाला तो आजतागायत. १९७० च्या दशकात शिमानो कंपनीने दहा मिलिमीटरची चेन आणून पाहिली. टिकली नाही.

मग आपल्याकडे काहीच नव्हतं का? होतं. मोठ्या चाकाने छोटं फिरवायचं, हे सायकलचं गणित आपल्या घराघरात चरख्याच्या रूपाने बसलेलं होतं. माझ्या काळ्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे जवळजवळ अडीच. चरख्याच्या चाकाचा एक फेरा म्हणजे चातीचे कितीतरी. आणि या चरख्याचा भारतातला सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख कुठला? इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिलं त्याप्रमाणे, १३५० मध्ये पुऱ्या झालेल्या इसामीच्या 'फुतूह-उस-सलातीन' या फारसी काव्यातला. इसामी दौलताबादचा. मुहम्मद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा तो पोरगा दिल्लीहून निघाला. नव्वदीचे आजोबा वाटेत पहिल्याच मुक्कामी, तिलपतला वारले. पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाने त्याने इतिहास लिहिला. म्हणजे ही नोंद ओझरहून दिवसभरात जाऊन येता येईल अशा गावी झाली.

पण ती कशासाठी झाली तेही सांगायला हवं. इसामी रझिया सुलतानावर चिडलेला आहे, आणि बाईने तख्तावर नव्हे, चरख्यापाशी बसावं असं तो म्हणतो. आपल्या इतिहासातली ही मौल्यवान नोंद एका बाईला घरी बसवायच्या नादात झाली आहे. फॉरवर्डमध्ये हे येणार नाही.

दातरी चाकांचं म्हणाल तर बाबराने लाहोर-सरहिंदकडची रहाट वर्णन केली आहे: बैल फिरतो, एका चाकाचे दात दुसऱ्यात अडकतात, गाडग्यांची माळ वर येते. आग्र्याकडची चामड्याची मोट मात्र त्याला कष्टाची आणि घाणेरडी वाटली. आमच्या भागात मोटच होती. बाबराला ओझर आवडलं नसतं.

पुन्हा दुकानात येतो. भाच्याने शिमानोची 'लिंकग्लाइड' कॅसेट आणि चेन मागवली. ही मालिका कंपनीने २०२१ मध्ये आणली, मोटरच्या सायकलींचा भार ध्यानात ठेवून दात जाड केले. त्याचे बारा गिअर होते, आता अकरा. जुन्या आणि नव्या दोन्ही कॅसेटचं मोठं चक्र ५० दातांचं, त्यामुळे चढावर तोटा नाही. पुढे ३४, मागे ५०: पायडलचा एक फेरा, चाकाचा एकही पुरा नाही. कॅसेट हबवर बसली. चेनही बसली. पण गिअर लागेनात. चेन दोन चक्रांच्या मधे घुटमळायची.

उस्तादांनी चष्मा पुसला, मागून पाहिलं. "चेन सगळ्यांची एक आहे मास्तर. चक्रांमधली जागा कंपनीची आहे." बारा गिअरचा शिफ्टर एका क्लिकला जेवढी तार ओढतो तेवढीने अकराच्या चक्रांवर नेम बसत नाही. मग त्यांनी फळीवरून जुना गिअरचा दांडा काढला, क्लिक नसलेला, फक्त घर्षणावर थांबणारा, आणि तार त्याला जोडली. हाताने अंदाज घेत, कान लावून त्यांनी चेन एकेका चक्रावर चढवली. सर्वांत मोठी दोन सोडली तर सगळीकडे बसली.

इथे मला १९८० च्या दशकाचा हिशेब करावासा वाटतो. शिमानोने १९८४ मध्ये क्लिकचे गिअर आणले आणि नवशिक्यालाही बिनचूक गिअर लागू लागले. त्याआधी कुणाचाही दांडा कुणाच्याही चक्रांवर चाले. नेम माणसाच्या बोटांत होता. तो नेम यंत्रात गेला आणि यंत्र कंपनीच्या जोडीत अडकलं. हे वाईटच झालं असं नाही म्हणणार, भाच्याला चढावर बोटांचा अंदाज घेत बसायला जमणार नाही. पण डोंगरी सायकलचा जन्मच मुळात अदलाबदलीतून झाला. कॅलिफोर्नियाच्या माउंट तामाल्पाइसवरची पोरं १९७० च्या दशकात भंगारातल्या जुन्या श्विन सायकलींवर दुसरीकडचे गिअर आणि मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे चढवत. ज्या उतारावर शर्यत लावत त्याचं नाव 'रिपॅक' पडलं, कारण एका उतरणीत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यांच्यापैकी कुणाला उस्ताद अनोळखी वाटले नसते.

फाळणीच्या वेळचीही एक अदलाबदल आहे. करीम दीन नावाचे सायकलच्या सीट बनवणारे एक कारागीर पाकिस्तानला निघाले होते. जाताना मित्राला, ओमप्रकाश मुंजाल यांना भेटायला गेले. मुंजालांनी त्यांच्या मालाचं नाव वापरायची परवानगी मागितली, त्यांनी दिली. ते नाव होतं 'हिरो'. ही हकीकत मुंजाल कुटुंबानेच सांगितलेली आहे. उस्तादांना मी ती सांगितली तेव्हा ते पाना हातात धरून थोडा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "नाव दिलं? फुकट?"

नवा शिफ्टर आणि डिरेल्युअर आठवड्याने आले. अर्ध्या तासात बसले. जुनी चेन उस्तादांनी भाच्याकडून मागून घेतली आणि त्यांच्या बापाच्या वेळच्या एका चेनशेजारी खिळ्याला टांगली. पट्टीने मोजलं: आतल्या प्लेटांमधलं अंतर जुनीत तीन मिलिमीटरच्या वर, बारा गिअरच्या चेनीत दोनच्या थोडं पुढे. पिनांमधलं अंतर दोघींचं मुळात अर्धा इंच. भाच्याची सुताने वाढलेली, दुसरी गंजून घट्ट.

सोमवारी मी पट्टी तशीच, काळ्या ग्रीसच्या डागांसकट, वर्गात नेली. रझिया आणि इसामीचा चरखा शिकवून झाला, तर आठवीच्या मुली म्हणाल्या, सर, आमच्याही चेन मोजा. मधल्या सुट्टीत त्यांनी सायकली भिंतीला ओळीने उभ्या केल्या. सातांपैकी दोन अर्ध्या सुताच्या पुढे गेल्या होत्या. एकीने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि पुढच्या पाच तिनेच मोजल्या.