ऑनलाइन गोपनीयताविषयक संशोधनातील लोकसहभाग

इंटरनेट व मोबाइलच्या वापरातून गोपनीयतेचा होणारा भंग आणि त्यातून उद्भवणारी हानी यांचा अभ्यास करताना, ज्यांची माहिती अभ्यासली जाते त्या लोकांनाच प्रश्न ठरविण्यात, हानीची व्याख्या करण्यात व निष्कर्ष तपासण्यात सामील करून घेणे म्हणजे लोकसहभाग होय. केवळ संमतीपत्रावर सही घेणे यात मोडत नाही. आरोग्यसंशोधनात ही कल्पना अधिक रुळलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीवर एक सामान्य नागरिकही असावा लागतो.

श्रीकृष्ण समिती

भारतात या विषयावरील सर्वांत व्यापक जाहीर विचारविनिमय न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने केला. समिती जुलै २०१७ मध्ये नेमली गेली. पुढच्याच महिन्यात, २४ ऑगस्ट रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविला. मूळचे नागपूरचे न्या. शरद बोबडे या खंडपीठात होते. समितीने नोव्हेंबर २०१७ मध्ये श्वेतपत्रिका प्रसिद्ध करून सूचना मागविल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली, हैदराबाद, बंगळूर व मुंबई येथे बैठका घेतल्या. श्वेतपत्रिका इंग्रजीत व दोनशेहून अधिक पानांची होती आणि महाराष्ट्रातील एकमेव बैठक मुंबईत झाली. नागपूरच्या कळमना बाजारातील हमालाला किंवा भाजीविक्रेत्याला अशा प्रक्रियेत मत मांडणे जवळजवळ अशक्यच होते.

तरीही समितीच्या २०१८च्या मसुद्यातील हानीची व्याख्या लक्षणीय आहे. आर्थिक नुकसान, बदनामी, नोकरी जाणे, खंडणी, भेदभाव यांच्याबरोबरच, आपल्यावर कोणाची नजर आहे या भीतीने बोलण्या-फिरण्यावर येणारे बंधनही तीत हानी मानले होते.

नागपूरमधील घड्याळे

या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण नागपुरातच आढळते. महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएस असलेली मनगटी घड्याळे दिली. कामगार कोठे आहे हे त्यामुळे नियंत्रण कक्षात दिसू लागले व हजेरी या नोंदींशी जोडली गेली. चंदीगड व पंचकुला येथे अशाच घड्याळांविरुद्ध कामगारांनी निदर्शने केली. कार्यक्षमता मोजणाऱ्या अशा योजनेत, घड्याळ बांधणाऱ्याला काय वाटते हा प्रश्न आधी विचारला गेला तरच हानी नोंदीत येते.

कायदा

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात हानीची ही व्याख्या राहिली नाही. संशोधन व सांख्यिकी यांसाठीच्या माहितीप्रक्रियेला कलम १७ सूट देते. मात्र त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही आणि विहित मानके पाळावी लागतात. या मानकांत लोकसहभागाची अट नाही. नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झाला व सूचनांची मुदत ५ मार्चपर्यंत वाढविण्यात आली. आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत, असे शासनाने आधीच कळविले होते. अंतिम नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.