राजगिऱ्याची मूर्ती आणि परसातला लाल रंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. पेण-रोहा लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी वाचता येईल, हा फायदा वेगळाच.

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. पेण म्हटलं की काय आठवतं? गणपती. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात आणि जगभर जातात. आता अशी कल्पना करा, की मूर्ती मातीची नाही, राजगिऱ्याच्या पिठाची आहे. गोड पाकात मळलेल्या राजगिऱ्याची. पूजा झाली की ती पाण्यात सोडायची नाही, तिचे तुकडे करून सगळ्यांनी खायचे. विचित्र वाटतंय ना? पण पाचशे वर्षांपूर्वी मेक्सिकोत नेमकं हेच चालायचं.

आज बोलायचंय राजगिऱ्याबद्दल आणि त्याच्या सख्ख्या भावंडांबद्दल: लाल माठ, शोभेचा तिरंगी माठ, लाल शेपटीसारखी कणसं लोंबणारी ती बागेतली जात. ही सगळी अमॅरँथस नावाच्या एकाच घराण्यातली. त्यात अजून एक चुलत नातं आहे, ते शेवटाकडे सांगतो.

आधी मेक्सिको. अझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान. आसपासच्या प्रांतांकडून तिथे वसुली यायची, त्यात मका, घेवडा, चिया आणि राजगिरा असायचा. म्हणजे हे काही कोपऱ्यातलं पीक नव्हतं, राज्याच्या हिशेबवहीतलं धान्य होतं. सणाला याच धान्याच्या पिठापासून वित्झिलोपोच्त्ली या युद्धदेवाची प्रतिमा करत. बर्नार्दिनो दे साहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने सोळाव्या शतकात तिथल्या लोकांकडून त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत माहिती लिहवून घेतली. या पिठाच्या देवांची वर्णनं त्यात सविस्तर आहेत.

मे 1520. स्पॅनिश सेनापती कोर्तेस किनाऱ्याकडे गेला होता. शहरात त्याचा सरदार पेद्रो दे अल्वाराडो होता. तोश्कात्ल सण सुरू झाला, राजगिऱ्याची मूर्ती सजली, नाच सुरू झाला, आणि अल्वाराडोच्या सैनिकांनी दारं अडवून नि:शस्त्र नाचणाऱ्यांची कत्तल केली. त्यातून शहर पेटलं. 13 ऑगस्ट 1521 ला तेनोच्तित्लान पडलं.

पुढे मिशनऱ्यांना ही पिठाची मूर्ती फारच खटकली. देवाचं शरीर म्हणून भाकरीचा तुकडा खाणं हा त्यांचा स्वतःचा विधी, आणि इथे ‘मूर्तिपूजक’ लोक हुबेहूब तसंच करताहेत! त्यांना ती सैतानाने केलेली नक्कल वाटली. विधी बंद पाडले गेले, आणि विधीबरोबर धान्याचा मानही गेला. शेतं मक्याला, गव्हाला गेली. राजगिरा उरला तो डोंगरातल्या गावांत आणि घरामागच्या तुकड्यांत.

इथे मला गंमत वाटते. ज्याला पोट भरण्याच्या यादीतून काढलं, तेच झाड सन 1600 च्या सुमारास युरोपातल्या बागांमध्ये शोभेला उभं होतं. लाल लोंबत्या कणसांच्या जातीला इंग्रजांनी ‘लव्ह लाइज ब्लीडिंग’ असं नाव दिलं. 1753 मध्ये लिनिअसने या घराण्यातल्या जातींना शास्त्रीय नावं दिली. ‘अमॅरँथ’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ न कोमेजणारं. कणीस वाळलं तरी रंग बराच काळ टिकतो, म्हणून.

फरक बघायचाय? किराणा दुकानातला कच्चा राजगिरा तळहातावर घ्या. पांढरट-पिवळसर दिसेल. मग शोभेच्या जातीचं पाकीट फोडा. बी काळंभोर, चकाकतं. रानटी जातींचं बीही तसंच काळं. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं फिकट दाणे निवडून निवडून पेरले, त्यातून खायचा राजगिरा घडला. म्हणजे कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर एकाच मूळ प्रोग्रामच्या दोन शाखा: एक ताटासाठी, एक डोळ्यांसाठी.

आता आपल्याकडे या. लाल माठ आणि तांदळजा ही आशियातलीच पिकं, आपल्या परसात फार जुनी. राजगिऱ्याचं धान्य मात्र अमेरिकेतून आलेलं. रोह्याची कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंडा आणि कोर्लई आहे. 1740 पर्यंत तिथे पोर्तुगीज होते, आणि कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची बोली घरात बोलतात. काजू, मिरची, पपई, पेरू, अननस ही अमेरिकेतली मंडळी पोर्तुगीज काळातच आपल्या किनाऱ्यावर रुळली.

आणि मग उपवासाचं ताट आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेचा. बटाटा अमेरिकेचा. रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळे अमेरिकेचे. राजगिऱ्याचा लाडू तर आहेच. त्या ताटात खरी देशी म्हणजे वरी! मला वाटतं याचं कारण साधं आहे. उपवासाला ‘धान्य’ वर्ज्य, आणि धान्यांची जुनी यादी झाली तेव्हा ही पाहुणे मंडळी इथे नव्हतीच. यादीत नाव नाही, म्हणजे चालतं. ज्या दाण्याला एका देशात देवाच्या कारणाने हाकललं, त्याला दुसऱ्या देशात देवाच्याच कारणाने स्वयंपाकघरात जागा मिळाली. मेक्सिकोतही तो संपला नाही. तिथे राजगिऱ्याच्या लाह्यांची पाकातली वडी मिळते, अगदी आपल्या चिक्कीसारखी. तिचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद.

एवढं सगळं होऊन हे झाड टिकलं कसं? बियांमुळे. एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त दाणे. मूठभर बी म्हणजे अख्ख्या गावाचं पीक. कुठल्याही सरकारला, कुठल्याही धर्मगुरूला प्रत्येक घराचं परस तपासता येत नाही.

म्हणूनच आपल्याकडचं चित्र बघून मला काळजी वाटते. रोह्यात आमच्या आजीकडे लाल माठाचं बी पत्र्याच्या डब्यात असायचं, राखेत मिसळून. शेजारच्या काकूंकडे वेगळं, जरा जांभळट. दोघी अदलाबदल करायच्या. आज पेण घ्या नाहीतर रोहा, परसाच्या जागी पेव्हर ब्लॉक आले, पार्किंग आलं, प्लॉट विकले गेले. तिथे बंदी कुणीच घातली नाही. फक्त दोन-चार वर्षं कुणी पेरलं नाही, की डब्यातलं बी मरतं आणि त्या घरातला तो रंग कायमचा जातो. याचा बॅकअप कुठल्याही क्लाउडवर नसतो.

तर आता कामाचं. घरी कसं लावायचं?

आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि या झाडाला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. म्हणून भर पावसात पेरू नका. अनंत चतुर्दशी झाली की पडवीत, पावसाच्या झडीपासून लांब, ट्रेमध्ये बी टाका. तिथून दिवाळी साधारण दीड महिना. तोवर तिरंगी माठाचे शेंडे रंगायला लागतात. उशीर झाला तर ऑक्टोबरच्या उन्हात पेरा, ऊब त्याला आवडते. फक्त दिवस लहान होत जातात तशी झाडं बुटकी असतानाच फुलोऱ्यावर येतात. कुंडीसाठी ते बरंच. उंच झाडं हवी असतील तर फेब्रुवारीच्या शेवटी पेरा आणि पाण्याकडे लक्ष ठेवा.

बी फार बारीक, म्हणून चमचाभर बारीक रेतीत मिसळून पसरा. वर मातीचा अगदी पातळ थर, दाणा जेमतेम झाकला जाईल इतकाच. पाणी फवाऱ्याने. मुंग्या बी पळवतात, म्हणून ट्रेभोवती राखेची रेघ ओढा. उबेत आठवड्याच्या आत कोंब येतात. चार पानं आली की विरळणी करा, दोन रोपांत वीतभर तरी अंतर हवं. उपटलेली रोपं टाकू नका, लसूण-मिरचीवर परता.

जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत रंग फिका पडतो. शेणखत बेताचंच घाला, खत जास्त झालं की पानं हिरवी आणि लुसलुशीत होतात, लाली कमी. तो लाल रंग बीटातल्या रंगद्रव्यांच्या कुटुंबातला आहे, म्हणूनच माठाच्या भाजीत भात कालवला की गुलाबी होतो. ‘लाल आहे म्हणून रक्त वाढतं’ हे मात्र रंगावरून ठरत नाही.

बी धरायचं असेल तर दोन वेगळे रंग शेजारी ठेवू नका. वाऱ्याने पराग उडतात आणि पुढच्या वर्षी सरमिसळ निघते. कणीस हातावर चोळून दाणे सुटायला लागले की कापा, कागदावर वाळवा, सुपात पाखडा, डब्यात भरा. डब्यावर वर्ष आणि ज्यांच्याकडून बी आलं त्यांचं नाव लिहा. इतिहास असाच टिकतो. आणि हो, राजगिरा पेरायला किराणा दुकानातला कच्चा दाणाही चालतो, लाह्या सोडून!

आता ते चुलत नातं. पावसाळ्यात शेताच्या बांधावर कुरडू उगवतो, त्याची कोवळी भाजी आपण खातो. अंगणातला कोंबडा, तो लाल मखमली तुऱ्याचा, हा त्याच कुरडूचा शोभेचा अवतार. दोघेही राजगिऱ्याच्याच कुळातले. पुन्हा तेच: एक ताटात, एक अंगणात.

या आठवड्यात एक करा. आई, आजी, काकू, कुणाकडे तरी माठाचं जुनं बी आहे का ते विचारा. असेल तर चिमूटभर मागून घ्या, आणि ते त्यांच्याकडे कुणाकडून आलं तेही विचारून रेकॉर्ड करून ठेवा. फोन हातात आहेच. भेटू पुढच्या भागात.