सपक्ष अंतराळयान

पंखांच्या आधाराने वातावरणातून तरंगत धावपट्टीवर उतरणारे व पुनःपुन्हा उपयोगात आणता येणारे समानव अंतराळयान. ऑस्ट्रियन अभियंता ऑयगेन झेंगर याने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मांडलेली ही कल्पना अमेरिकेच्या ‘डायना-सोर’ योजनेत आकारास येऊ लागली खरी; परंतु १९६३ मध्ये ती योजनाच सरकारी हुकमाने रद्द झाली. १२ एप्रिल १९८१ रोजी जॉन यंग व रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन कक्षेत गेलेले ‘कोलंबिया’ हे या जातीचे पहिले यान होय. पंख हे त्याचे वैभव आणि तेच त्याचे मर्मस्थान. कारण वातावरणात परतताना त्यांच्या अग्रधारा १,२६० अंश सेल्सिअसहून अधिक तापत असल्याने तेथे कार्बनाचे कवच, तर इतरत्र सिलिकेच्या हजारो फरशा बसवाव्या लागत, आणि प्रत्येक उड्डाणानंतर त्यांची कसून तपासणी करावी लागत असल्यामुळे पुनर्वापरातून अपेक्षिलेली काटकसर कागदोपत्रीच राहिली. उड्डाणसमयी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा आदळून डाव्या पंखाचे हे कवच भंगले, म्हणूनच १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ‘कोलंबिया’ नष्ट झाले व कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. सोव्हिएट ‘बुरान’ १९८८ मध्ये एकदाच, तेही निर्मनुष्य, अंतराळात गेले. अमेरिकी यानांची १३५वी व अखेरची फेरी जुलै २०११ मध्ये संपली.