तांब्याचा पत्रा आणि खरवडलेला रंग

थिसिअसच्या जहाजाच्या फळ्या बदलल्या तर ते तेच जहाज राहतं का, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाले जन्मभर वाद घालतो. त्याचं बूड कोण खरवडत होतं, हे कुणी विचारत नाही! तळाला शेवाळ, बार्नेकल चिकटले की जहाज मंदावतं. म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेला तांब्याचा पत्रा ठोकला. तळ स्वच्छ राहू लागला. पण समुद्राच्या पाण्यात तांबं झिजायचं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्त-लोखंडाचे तुकडे जोडून ती झीज थांबवली. आणि गंमत बघा, शेवाळ परत आलं! तांबं विरघळत होतं, म्हणूनच तर तळ स्वच्छ राहत होता.

विसाव्या शतकातल्या ट्रायब्युटिल टिनच्या रंगांचं तेच. विष पाण्यात झिरपलं तरच उपयोग. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत कालवांची पैदास कोसळली, तेव्हा १९८२ मध्ये तिथे छोट्या बोटींवर या रंगाला मनाई झाली. जागतिक करार २००१ चा, अंमल २००८ पासून. पण आधीच फासलेल्या रंगाचं काय? तो काढताना पोपडे गोळा करावे लागतात, गोदीत धुऊन सोडता येत नाहीत. पूर्वी सोडलेले बंदरांच्या गाळात अजून सापडतात.