निचऱ्यावर जगलेलें सरोवर

काटकसर हा मोठा गुण आहे, असें आपण मुलांना लहानपणापासून शिकवीत आलों आहों. वाहत्या नळाची तोटी बंद करणारा मुलगा शहाणा, हें कोणीहि मान्य करील. परंतु आज वांचविलेलें पाणी काल कोठें तरी जात होतें, आणि जेथें जात होतें तेथें त्यावर कोणी तरी जगत होतें, ही गोष्ट हिशेब मांडतांना बहुधा सुटते. सुटलेली ही रक्कम केवढी मोठी असूं शकते, हें दाखविणारा एक इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. तो अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांतील सॉल्टन सरोवराचा.

श्रोत्यांनीं क्षणभर अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांत, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, एक विस्तीर्ण खोलगट वाळवंट आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारें पावणेतीनशें फूट खालीं आहे. त्याच्या पूर्वेकडून कोलोरॅडो नदी दक्षिणेस वाहत जाते आणि तिची वाट कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे आहे. ही नदी फार गाळ वाहून आणी. गाळानें पात्र उंचावलें, म्हणजे केव्हां तरी ती आपली वाट सोडून या खळग्यांत उतरे आणि तेथें मोठें सरोवर होई. नदी पुन्हां आखाताकडे वळली, कीं तें आटून जाई. तेथील मूळ रहिवासी कवीया लोक त्या प्राचीन सरोवराच्या कांठीं मासे धरण्यासाठीं दगडांचे बांध रचीत. त्या बांधांच्या खुणा डोंगराच्या पायथ्याशीं आजहि दिसतात.

सध्यांचें सरोवर मात्र माणसाच्या उतावीळपणांतून जन्मास आलें. १९०१ मध्यें कॅलिफोर्निया डेव्हलपमेंट कंपनीनें कोलोरॅडोचें पाणी कालव्यानें या खळग्यांत आणलें. वाळवंटास 'इंपीरियल व्हॅली' असें भारदस्त नांव देण्यांत आलें आणि शेतकऱ्यांची रीघ लागली. थोड्याच वर्षांत गाळानें कालवा बुजूं लागला. पिकें सुकूं लागलीं, तेव्हां १९०४ मध्यें कंपनीनें मेक्सिकोच्या हद्दींत नदीच्या कांठास एक नवें तोंड पाडलें. त्यास भक्कम दरवाजे मात्र बसविले नाहींत. १९०५ मध्यें पुरामागून पूर आले, तोंड रुंदावत गेलें, आणि अखेर जवळजवळ सारी नदीच खळग्यांत शिरली. तळाचें मिठागर बुडालें. रेल्वेचे रूळ पुन्हां पुन्हां वरच्या अंगास हलवावे लागले. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीनें गाड्याच्या गाड्या दगड ओतून फेब्रुवारी १९०७ मध्यें तें भगदाड एकदांचें बंद केलें.

आतां हें पाणी उन्हानें आटून जाईल, अशी अपेक्षा होती. तसें झालें नाहीं. कोलोरॅडोच्या पाण्यांत क्षार असतात; ते जमिनींत साचूं नयेत म्हणून शेतकऱ्यास पिकाच्या गरजेपेक्षां थोडें अधिक पाणी द्यावें लागतें, आणि तें अधिक पाणी क्षार घेऊन चरांवाटे खालीं वाहतें. इंपीरियल व्हॅलीचा हा सारा निचरा सरोवरास मिळूं लागला. अध्यक्ष कूलिज यांच्या कारकीर्दींत सरकारनें सरोवराच्या तळाची आपली जमीन या निचऱ्यासाठींच राखून ठेविली. दर वर्षीं सुमारें सहा फूट पाणी वाफ होऊन जाई आणि जवळजवळ तितकेंच शेतांतून येई. लोणारचें विवर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना बाहेर वाट नसलेलें पाणी कसें खारावतें हें सांगावयास नको. येथेंहि पाणी उडून जाई व मीठ मागें राही.

तरीहि या सरोवरानें मोठें वैभव पाहिलें. १९३० मध्यें त्याच्या दक्षिण टोकास पक्ष्यांसाठीं अभयारण्य झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रांतील मासे आणून सोडण्यांत आले, कांठावर हॉटेलें व नौकाक्लब उभे राहिले. पुढें कोलोरॅडोवरील धरणांनीं नदीच्या मुखाकडील दलदली सुकल्या आणि कॅलिफोर्नियांतील बहुतेक पाणथळ जमिनी नांगराखालीं व शहरांखालीं गेल्या. तेव्हां उत्तर-दक्षिण प्रवास करणाऱ्या लक्षावधि पक्ष्यांना हेंच विसाव्याचें स्थान उरलें. चारशेंहून अधिक जातींचे पक्षी येथें नोंदले गेले आहेत. 'हें तर चुकीनें झालेलें तळें, तें गेलें तर काय बिघडलें?' असें विचारणाऱ्यांस हें उत्तर आहे. जन्म अपघातानें झाला असेल, पण दुसऱ्या पाणथळ जागा नाहींशा झाल्यावर त्यांचें काम याच सरोवराच्या अंगावर पडलें.

मात्र खतें आणि क्षार यांचा भार वाढत होता. १९९२ मध्यें सुमारें दीड लाख पाणबुडे पक्षी मेले. १९९६ मध्यें रोगानें हजारों झोळीवाले पक्षी दगावले. ऑगस्ट १९९९ मध्यें प्राणवायूच्या अभावीं सुमारें पाऊण कोटि तिलापिया मासे तडफडून मेले. सरोवर आजारी होतें, आणि अशा वेळींच त्याच्या पाण्याचा सौदा ठरूं लागला.

हा सौदा समजण्यास एक माप ध्यानांत ठेवावें. एक एकर जमिनीवर एक फूट उभें राहील इतकें पाणी म्हणजे एक एकर-फूट. लिटरांत सांगावयाचें तर सुमारें १२ लाख ३३ हजार लिटर. कोलोरॅडोच्या पाण्यांत कॅलिफोर्नियाचा वांटा वर्षास ४४ लाख एकर-फूट ठरलेला होता, परंतु शेजारच्या संस्थानांनीं न उचललेलें पाणी घेऊन तें पुष्कळ वर्षें ५० लाखांहून अधिक वापरीत आलें. शेजाऱ्यांची गरज वाढली, तेव्हां हात आखडणें भाग पडलें. कॅलिफोर्नियाच्या वांट्यांतील फार मोठा भाग एकट्या इंपीरियल पाटबंधारे मंडळाच्या हक्काचा. आणि डोंगरापलीकडे सॅन डिएगो शहर तहानलेलें. शेतांतील पाणी वांचवून शहरास विकावें, हा विचार साहजिकच पुढें आला. १९८४ मध्येंच राज्याच्या जलमंडळानें इंपीरियलवर उधळपट्टीचा ठपका ठेविला होता.

शेतकऱ्यांच्या मंडळानें डिसेंबर २००२ मध्यें हा करार एका मतानें फेटाळला. लगेच जानेवारींत केंद्र सरकारनें कॅलिफोर्नियाचें जादा पाणी तोडलें. दडपण वाढलें आणि ऑक्टोबर २००३ मध्यें करारावर सह्या झाल्या. सॅन डिएगोस वर्षाला २ लाख एकर-फूटपर्यंत पाणी द्यावयाचें. शेजारच्या कोचेला खोऱ्यासहि वांटा द्यावयाचा. कालव्यांना सिमेंटचें अस्तर लावावयाचें. या अस्तराची झळ सरहद्दीपलीकडेहि पोंचली. कारण कालव्याच्या पाझरावर मेक्सिकली खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या विहिरी भरत असत.

सरोवराचें काय, हा प्रश्न करार करणाऱ्यांना सुचला नाहीं असें नाहीं. पंधरा वर्षें, म्हणजे २०१७ अखेरपर्यंत, सरोवरास मुद्दाम भरपाईचें पाणी सोडावें, आणि तेवढ्या अवधींत राज्यानें पुनरुद्धाराची योजना पार पाडावी, असें ठरलें. आरंभीं तें पाणी मिळविण्यासाठीं शेतें पडीत ठेवलीं गेलीं. जमीनमालकास मोबदला मिळाला, शेतमजुराचा मात्र रोजगार बुडाला. २००७ मध्यें राज्यानें ८९० कोटि डॉलरांची एक भव्य योजना तयार केली. विधिमंडळानें तिला पैसाच दिला नाहीं. वर्षें निघून गेलीं, मुदत संपली आणि भरपाईचें पाणी थांबलें. सवलतीचीं पंधरा वर्षें जवळजवळ सारीं कागदावर खर्चीं पडलीं.

त्यानंतर सरोवर झपाट्यानें मागें सरकूं लागलें. त्याचें पाणी समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट खारट झालें आणि माशांचा बहुतेक नाश झाला. किनाऱ्याचा जो तळ उघडा पडला, त्यांत शेंकडों शेतांच्या निचऱ्यानें आणलेलीं औषधें, आर्सेनिक, सेलेनियम असे पदार्थ बारीक धुळींत मिसळलेले आहेत. वाळवंटी वारा ती धूळ उचलतो. या खोऱ्यांत दम्यानें बेजार होऊन इस्पितळांत येणाऱ्या मुलांचें प्रमाण आधींच फार आहे. सारा दोष सरोवराच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. शेतांची धूळ आणि वाहनांचा धूर यांचाहि त्यांत भाग आहे. पण आधींच दमेकरी असलेल्या मुलाच्या श्वासांत आणखी धूळ घालण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

दुःखाची गोष्ट ही, कीं कॅलिफोर्नियास हा धडा नवा नव्हता. १९१३ मध्यें लॉस एंजेलिस शहरानें ओवेन्स नदीचें पाणी कालव्यानें नेलें आणि १९२६ च्या सुमारास ओवेन्स सरोवर कोरडें पडलें. पुढें त्याच्या तळाची धूळ दाबण्यासाठीं त्या शहरास २०० कोटि डॉलरांहून अधिक खर्च करावा लागला. १९४१ पासून त्याच शहरानें मोनो सरोवराचे ओढे वळविले. तेथें मात्र नागरिक न्यायालयांत गेले. १९८३ मध्यें कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं असें सरोवर ही जनतेची ठेव आहे आणि पाण्याचे हक्क देतांना ती विसरतां येणार नाहीं. १९९४ मध्यें जलमंडळानें पाण्याची पातळी ६,३९२ फूट ठरविली. ती अजून गांठली गेलेली नाहीं. तथापि मोनो वांचलें, कारण त्याच्या वतीनें बोलणारा कोणी वेळेवर उभा राहिला.

सॉल्टनसाठीं आतां काय करतां येईल? आखातांतून समुद्राचें पाणी आणावें, ही कल्पना आकर्षक वाटते. पण २०२२ मध्यें स्वतंत्र तज्ज्ञसमितीनें तपासून ती नाकारली. जुनें सरोवर जसेंच्या तसें परत आणण्याइतकें पाणी कोलोरॅडोंतहि उरलेलें नाहीं. राज्याचा सध्यांचा मार्ग साधा आहे: उघड्या किनाऱ्यावर सुमारें ३० हजार एकरांत उथळ तळीं आणि झुडपें तयार करावयाचीं, म्हणजे धूळ दबेल आणि पक्ष्यांस आसरा मिळेल. ही योजना २०२८ पर्यंतची. तिच्यांतील मोठ्या कामांपैकीं एक न्यू रिव्हर नदीच्या मुखाशीं आहे, आणि तेथील तळ्यांत २०२५ मध्यें पाणी सोडण्यास प्रारंभ झाला. काम उशिरा झालें, पण योग्य दिशेनें झालें.

शहरास पाणी देणें चुकीचें होतें, असें मला म्हणावयाचें नाहीं. तान्ह्या मुलाच्या दुधांत घालावयास लागणारें पाणी आणि पशूंच्या चाऱ्यासाठीं पसरलेलें पाणी यांत प्रथम मान कोणाचा, याविषयीं वाद होऊं नये. परंतु पाणी ज्या दिवशीं हलवावयाचें, त्याच दिवशीं त्याच्या मागें सुकणाऱ्या जमिनीचा खर्च विकत घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या वहींत चढला पाहिजे. पुनरुद्धाराचें काम आधीं उभें राहावें आणि पाणी नंतर तुटावें. पैसा विधिमंडळाच्या पुढच्या मर्जीवर न सोंपवितां करारांतच बांधून घ्यावा. आणि ज्यांच्या घरांवर धूळ उडणार आहे, त्यांस त्या बैठकींत जागा असावी. कोलोरॅडोच्या वांटणीचे २००७ सालचे नियम २०२६ अखेरपर्यंतचेच होते, आणि नदी आटत असल्यानें नव्या वांटणींत इंपीरियलच्या शेतांकडून आणखी काटकसर मागितली जाणें अटळ आहे. ती मागावी, पण त्या मागणीसोबत सरोवराचा हिस्साहि त्याच कागदावर, आंकडा घालून लिहिला जावा.