न दिसणाऱ्या नाण्याची नोंद

राज्यकर्त्याच्या घरात किती धन आहे हे प्रजेला कळावे की नाही, हा वाद जुना आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या कलमात लिहून ठेवण्याची कल्पना मात्र अलीकडची. धन डोळ्यांना दिसत होते तोवर हे काम निदान सोपे वाटे. जमिनीला उतारा असतो, घराला उंबरठा असतो, सोन्याला वजन असते आणि बँकेतील ठेवीला पासबुक. परंतु ज्या धनाला यांपैकी काहीच नाही, जे संगणकातील एका गुप्त किल्लीच्या आधारे कोणाचे तरी ठरते, ते लोकसेवकाने कोणत्या रकान्यात लिहावे? दक्षिण कोरियाने लोकसेवकांची मत्ता जाहीर करण्याचा नियम १९९३ साली केला आणि त्या नियमात आभासी चलनाचा समावेश २०२३ साली केला. मधल्या तीस वर्षांची हकीकत आम्हांस उद्बोधक वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोरियातील लोकसेवक नीतिमत्ता कायदा मूळचा १९८१ सालचा. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आपल्या मत्तेची नोंद सरकारदरबारी करावी, असे त्यात होते; पण ती नोंद कपाटात बंद राहत असे. जनतेला तिचा काहीच उपयोग नव्हता. २५ फेब्रुवारी १९९३ रोजी किम यंग-साम यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. प्रदीर्घ काळानंतर त्या देशाला लष्करी पार्श्वभूमी नसलेला अध्यक्ष लाभला होता. शपथेनंतर दोनच दिवसांनी त्यांनी स्वतःची व कुटुंबीयांची मत्ता जाहीर केली : सुमारे १७७ कोटी वॉन. असे करण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती. पण धन्यानेच पेटी उघडल्यावर चाकरांना आपली पेटी झाकून ठेवणे अवघड होते. मंत्री, सत्तारूढ पक्षाचे सभासद, मोठमोठे अधिकारी एकामागून एक आपापली यादी मांडू लागले आणि वृत्तपत्रे ती यादी हातात घेऊन जमिनी शोधत फिरू लागली. त्या वादळात संसदेचे सभापती पार्क जुन-ग्यू यांना पद सोडावे लागले. काही महिन्यांतच कायदा दुरुस्त झाला. सप्टेंबरात नव्या कायद्याखालील पहिली यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा खुद्द सरन्यायाधीश किम दोक-जू यांनी राजीनामा दिला. कायदेमंडळ आणि न्यायमंडळ या दोन्हींच्या शिरोभागी असलेल्या व्यक्ती एका यादीपायी एकाच वर्षात पायउतार झाल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट आम्ही अधिक महत्त्वाची मानतो. तोवर कोरियात खोट्या किंवा उसन्या नावाने बँकेत खाते ठेवता येत असे. १२ ऑगस्ट १९९३ च्या संध्याकाळी अध्यक्षांनी आणीबाणीचा आर्थिक आदेश काढला आणि यापुढे प्रत्येक आर्थिक व्यवहार खऱ्या नावानेच झाला पाहिजे, असे फर्मावले. खाती खऱ्या नावावर करून घेण्यास दोन महिन्यांची मुदत दिली गेली. आदेशाची तयारी अत्यंत गुप्तपणे झाली होती. आधी कुणकुण लागती तर पैसा रातोरात पळाला असता. या आदेशावाचून मत्तेची यादी म्हणजे केवळ सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द राहिली असती. यादी आणि तिची पडताळणी करू शकणारे खरे नाव, ही जोडी आमच्या मते या सर्व कथेची किल्ली आहे.

(आपल्याकडील वाचकांना प्रतिज्ञापत्रे परिचयाची आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळे उमेदवाराला आपली स्थावर-जंगम मालमत्ता जाहीर करणे भाग पडले. कोरियात ओझे केवळ उमेदवारीपुरते नाही. दर वर्षी ३१ डिसेंबरची स्थिती कळवावी लागते आणि वरिष्ठांची यादी मार्चअखेरपर्यंत प्रसिद्ध होते.)

पुढे कायद्याची व्याप्ती वाढत गेली. मार्च २०२१ मध्ये सरकारी भूमी व गृहनिर्माण महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी नव्या वसाहतीची घोषणा होण्यापूर्वीच तेथील जमिनी घेऊन ठेवल्याचे नागरी संघटनांनी उघडकीस आणले. जनक्षोभ एवढा उसळला की त्या महामंडळाचे सर्वच कर्मचारी मत्ता-नोंदणीच्या कक्षेत आणले गेले. कोरियन माणूस जमिनीच्या बाबतीत हळवा आहे. याच सुमारास तरुण पिढी मात्र जमिनीचा नाद सोडून दुसऱ्याच बाजारात उतरली होती.

तो बाजार आभासी चलनाचा. जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइनचा कोरियातील भाव बाहेरच्या जगातील भावापेक्षा कधी कधी चाळीस टक्क्यांहूनही अधिक असे, आणि या फरकाला तिथल्या आंबवलेल्या कोबीच्या पदार्थावरून ‘किमची प्रीमियम’ असे गमतीचे नाव पडले होते. ११ जानेवारीला न्यायमंत्र्यांनी ह्या चलनांचे बाजारच बंद करण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा भाव कोसळले आणि अध्यक्षीय कार्यालयाकडे केलेल्या विनंतीअर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्याच महिन्यात एक लहानशी, पण बोचरी गोष्ट संसदेत उघड झाली. आर्थिक देखरेख संस्थेचा एक कर्मचारी सरकारच्या धोरण-समन्वय कार्यालयात नेमला गेला होता. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने निर्बंध जाहीर करण्यापूर्वीच त्याने आपल्याजवळची नाणी विकून नफा पदरात पाडून घेतला होता. रक्कम फार मोठी नव्हती. पण नियम करणाराच बाजारात बसला आहे, हे लोकांना दिसले.

सरकारने जानेवारीअखेर जुनाच उपाय योजला : या व्यवहारांसाठी बँक खाते खऱ्या नावाचेच हवे. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गुन्ह्यातील १९१ बिटकॉइन जप्त करण्याचा निर्णय कायम केला; म्हणजे आभासी नाणे ही मूल्य असलेली मत्ता होय, हे देशाच्या श्रेष्ठ न्यायासनाने मान्य केले. गुन्हेगाराकडून जे शासन जप्त करू शकते, ते खासदाराने आपल्या यादीत लिहिण्याची मात्र गरज नव्हती! तशी दुरुस्ती सुचविणारी विधेयके त्याच वर्षापासून मांडली जात होती. ती पडून राहिली. विरोधात कोणी मोठे भाषण केले असेही नाही. ज्यांनी मत द्यायचे त्यांनाच घाई नव्हती, एवढेच.

५ मे २०२३ रोजी ‘चोसून इल्बो’ या दैनिकाने बातमी दिली की डेमोक्रॅटिक पक्षाचे तरुण खासदार किम नाम-गुक यांच्याजवळ २०२२ च्या आरंभी ‘वेमिक्स’ नावाची सुमारे आठ लाख नाणी होती. त्यांचे मूल्य एके काळी ६०० कोटी वॉनपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३७ कोटी रुपयांपर्यंत, गेले होते. किम २०२० साली पहिल्यांदा निवडून आले होते. आपल्या काटकसरीच्या राहणीविषयी ते जाहीरपणे बोलत असत. त्यांच्या अधिकृत यादीत या नाण्यांचा उल्लेख नव्हता, कारण कायदा तो मागतच नव्हता. शेअर विकून आलेल्या पैशांतून, खऱ्या नावाच्या खात्यातून आपण व्यवहार केले, असे त्यांचे म्हणणे होते. दोन गोष्टी लोकांना अधिक झोंबल्या. आभासी चलनावरील कर पुढे ढकलणाऱ्या २०२१ सालच्या एका विधेयकावर सूचक म्हणून त्यांची सही होती. आणि संसदीय समितीची बैठक चालू असतानाही त्यांनी नाण्यांची खरेदी-विक्री केल्याचे उघड झाले. १४ मे रोजी त्यांनी पक्ष सोडला.

पाच वर्षे पडून राहिलेली दुरुस्ती मग वीस दिवसांत झाली. २५ मे २०२३ रोजी संसदेने ती एकमताने संमत केली आणि १४ डिसेंबरपासून ती अंमलात आली. रोख रक्कम वा ठेव ठरावीक मर्यादेवर गेली तरच कळवावी लागते. आभासी चलनाला ती सूट नाही. एका वॉनचे नाणे असले तरी लिहिले पाहिजे, आणि त्याच्या खरेदी-विक्रीचा तपशीलही दिला पाहिजे. वरिष्ठांच्या यादीत हा भाग मार्च २०२४ मध्ये प्रथमच लोकांसमोर आला. स्वतंत्र चूल मांडलेल्या आईवडिलांची व मुलांची माहिती परवानगी घेऊन न देण्याची जुनी पळवाट मात्र तशीच राहिली. शिवाय बाजाराकडे न ठेवता स्वतःच्या खिशातील उपकरणात ठेवलेल्या नाण्याचे काय? तिथे अजूनही सांगणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते; १९९३ पूर्वीच्या उसन्या नावाच्या खात्याची आठवण व्हावी अशीच ही स्थिती आहे.

भ्रष्टाचारविरोधी आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये सर्व खासदारांची तपासणी जाहीर केली. २९८ जणांपैकी अठरा जणांजवळ अशी नाणी होती आणि तीन वर्षांत अकरा जणांनी प्रत्यक्ष व्यवहार केले होते. एकूण खरेदी सुमारे ६,२५० कोटी वॉन. तिच्यातील सुमारे नव्वद टक्के एकट्या किम यांची. संशयाचे ढग सर्वांवर होते, पाऊस मुख्यतः एकाच अंगणात पडला, असे म्हणावे लागेल.

किम यांच्यावर २०२४ साली खटला भरला गेला. खरी मत्ता लपविण्यासाठी त्यांनी ठेवीतील पैसा नाण्यांत फिरविला आणि तपासणी समितीची दिशाभूल केली, असा आरोप होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि ऑगस्टमध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. त्या काळी आभासी चलन नोंदणीच्या कक्षेतच नव्हते. मग जे तपासण्याचा समितीला अधिकार नव्हता, त्याबाबत तिच्या कामात अडथळा कसा येणार? निकाल ऐकून पुष्कळांची निराशा झाली. आम्हांस तो न्याय्य वाटतो. कलम लिहिण्यात संसदेने पाच वर्षे घालविली, त्याचे प्रायश्चित्त एका माणसाकडून मागील तारखेने घेता येत नाही.

राहता राहिला कर. आभासी चलनाच्या नफ्यावरील कर कायद्यात २०२० सालीच लिहिला गेला होता. त्याची तारीख प्रथम २०२२, मग २०२३, मग २०२५ अशी सरकत गेली. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने ती पुन्हा दोन वर्षांनी लांबवून जानेवारी २०२७ वर नेली. फरक एवढाच की, या वेळी मत देणाऱ्यांपैकी कोणाजवळ किती नाणी आहेत, ते जाहीर याद्यांत छापून आलेले होते.